बोअर किती उष्णता घेते? जमिनीतील उष्णता-चाचणी समजून घेताना

मराठवाड्यात बोअर घेतले की त्याला पाणी किती आहे, ही गोष्ट कोणी बोअर पाडणाऱ्या गाडीवाल्याच्या अंदाजावर सोडत नाही. तो 'दोन इंच पाणी लागलं' म्हणून निघून जातो, पण शेतकरी मोटर सोडतो, काही तास सलग उपसा करतो, पातळी किती फुटांवर उतरते ते पाहतो आणि मोटर बंद केल्यावर पाणी किती वेळात पुन्हा वर येते तेही पाहतो. उतरण आणि भरण या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय त्या बोअरच्या भरवशावर ऊस लावायचा की हरभरा, हे तो ठरवत नाही.

जमिनीत पाइप सोडून इमारतीची उष्णता त्यात जिरवायची असेल, तर त्या बोअरचीही अशीच परीक्षा घ्यावी लागते. फरक एवढाच की येथे पाणी उपसायचे नसून उष्णता आत ढकलायची असते, आणि पातळी उतरण्याऐवजी तापमान चढते. या परीक्षेला 'थर्मल रिस्पॉन्स टेस्ट' म्हणतात. या कामातले लोक तिला थोडक्यात टीआरटी म्हणतात. मी शीतकरणाच्या कामात आहे आणि ही चाचणी टाळून केलेली कामे पुढे कशी अडचणीत येतात ते जवळून पाहिले आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले.

आधी यंत्रणा कशी असते ते पाहू. सहा इंची बोअर साधारण १०० मीटर, म्हणजे सव्वातीनशे फुटांपर्यंत खोल घेतात. त्यात एचडीपीई या टिकाऊ प्लास्टिकचा काळा पाइप तळापर्यंत सोडून, तळाशी इंग्रजी यू अक्षरासारखा वळवून दुसऱ्या बाजूने परत वर आणतात. पाइप आणि खडक यांच्यामधली पोकळी भरून काढतात. आता या पाइपमधून पाणी फिरत राहते. ते वातानुकूलन यंत्राने खोल्यांमधून काढलेली उष्णता घेऊन खाली जाते, खडकाला देते आणि थोडे निवून वर येते. पाणी बंद नळीतच फिरते, जमिनीतले पाणी घेतले जात नाही आणि जमिनीत काही सोडलेही जात नाही. मोठ्या इमारतीला अशी दहा, वीस, पन्नास बोअर लागतात.

हे कशासाठी, याचे उत्तर आपल्या विहिरींनी कधीच देऊन ठेवले आहे. मार्गशीर्षातल्या पहाटे विहिरीच्या पाण्यावर वाफ दिसते आणि ते हाताला कोमट लागते. वैशाखात तेच पाणी अंगावर घेतले की शहारा येतो. पाण्याच्या तापमानात मात्र दोन्ही वेळी फारसा फरक नसतो. बदललेली असते ती बाहेरची हवा. दिवसाचा उन्हाळा-गारवा जमिनीत जेमतेम वीतभर-हातभर उतरतो, वर्षाचे ऋतू काही मीटर उतरतात, आणि आठ-दहा मीटरच्या खाली तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर राहते. ते त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरी हवेच्या तापमानापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त असते. आपल्याकडे ते २७ ते २९ अंशांच्या आसपास धरायला हरकत नाही. जुन्या काळी जमिनीतल्या पेवात ज्वारी साठवली जाई, तीही बाहेरच्या उन्हाची झळ फारशी आत पोहोचत नाही या अनुभवावरच. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे बाहेरची हवा ४२ अंशांवर असते तेव्हा साध्या एसीला आपली उष्णता त्या तापलेल्या हवेत फेकावी लागते, आणि हवा जितकी तापलेली तितकी वीज जास्त लागते. त्यापेक्षा २८ अंशांच्या खडकात ती उष्णता टाकणे यंत्राला सोपे जाते.

दुसरे कारण पाण्याचे आहे आणि मराठवाड्यासाठी मला ते विजेच्या बचतीपेक्षाही मोठे वाटते. मोठ्या वातानुकूलन यंत्रणेची उष्णता बहुधा कूलिंग टॉवरमध्ये पाणी वाफवून घालवतात. एक टन क्षमतेच्या शीतकरणामागे साधारण ४.४ किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते आणि तेवढ्यासाठी तासाला सुमारे साडेसहा लिटर पाण्याची वाफ होते. म्हणजे १०० टनांची यंत्रणा दहा तास पूर्ण क्षमतेने चालली तर दिवसाला साडेसहा हजार लिटर पाणी हवेत जाते, आणि टॉवरमधले क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यावे लागणारे पाणी वेगळेच. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या भागात हा आकडा नुसता वाचून पुढे जाण्यासारखा नाही.

मग किती बोअर घ्यायची, किती खोल घ्यायची? त्यासाठी तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात आणि टीआरटी त्या तिन्ही शोधते. पहिली म्हणजे जमिनीचे मूळ तापमान. दुसरी म्हणजे खडकाची उष्णतावाहकता, म्हणजे उष्णता त्यातून किती सहज वाहते ते. एक मीटर जाडीच्या खडकाच्या दोन बाजूंत एका अंशाचा फरक ठेवला, तर त्याच्या एक चौरस मीटर भागातून जितके वॅट पलीकडे जातात, ती त्याची वाहकता. पाण्याची ही संख्या ०.६ आहे, स्थिर हवेची ०.०२५ च्या आसपास, आणि आपल्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, साधारण १.३ ते २.३ च्या दरम्यान. ग्रॅनाइटची याहून बरीच जास्त असते. तिसरी गोष्ट म्हणजे बोअरचा स्वतःचा अडथळा: पाइपमधल्या पाण्यापासून खडकाच्या भिंतीपर्यंत पोहोचताना पाइपची जाडी, भरलेला मसाला आणि दोन नळ्यांची जवळीक यांमुळे उष्णता किती अडते ते.

आता कोणी विचारेल, बेसाल्टची संख्या पुस्तकात दिलेलीच आहे, तर चाचणीवर खर्च कशाला? पण पुस्तकातल्या त्या संख्येची व्याप्ती पाहा. १.३ आणि २.३ यांत पावणेदोन पटींचे अंतर आहे. शिवाय आपल्या पायाखाली एकसंध पाषाण नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि त्यांतून दख्खनचे पठार झाले. प्रत्येक थराचा खालचा-मधला भाग घट्ट काळा पाषाण असतो, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, ज्याला बोअरवाले आणि विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, आणि दोन थरांच्या मध्ये अनेकदा लाल मातीचा पट्टा लागतो. घट्ट पाषाणातून उष्णता जशी वाहते तशी कोरड्या मांजऱ्यातून वाहत नाही, आणि त्याच मांजऱ्याच्या छिद्रांत पाणी भरले की पुन्हा वेगळे वाहते. हे थर कोठे किती जाड आहेत ते वरून कळत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी ६१७ मीटर खोल बोअर घेतले गेले, तेव्हा तेथे बेसाल्टची एकूण जाडी ३३८ मीटर निघाली; त्याखाली आठ मीटर गाळाचा थर आणि मग जुना स्फटिकी खडक लागला. तेवढे खोल गेल्यावरच ते नेमके कळले. आपण शंभर मीटर खोल जातो तेव्हा या बेसाल्टच्या थरांमध्येच असतो, पण कोणत्या थरांच्या कोणत्या मिश्रणात, ते त्या जागेचे बोअरच सांगते.

चाचणी प्रत्यक्षात कशी होते ते आता जवळून पाहू. आधी एकच बोअर घेतात आणि पुढे जी यंत्रणा करायची तशीच ती करतात: तोच पाइप, तीच खोली, तोच भरणीचा मसाला. चाचणीसाठी म्हणून घेतलेले हे बोअर पुढे वायाही जात नाही, यंत्रणेतच वापरले जाते. बोअर पाडताना हातोडा आणि कॉम्प्रेसरच्या हवेने खडक तापलेला असतो, आणि मसाला भिजून घट्ट होतानाही थोडी उष्णता सुटू शकते. म्हणून लगेच चाचणी करायची नसते. किमान तीन दिवस, आणि खडक उष्णता हळू वाहणारा असेल तर पाच दिवस थांबतात. घाईची मागणी पहिल्यांदा येथेच सुरू होते, आणि पहिला नकार येथेच द्यावा लागतो.

मग मूळ तापमान घेतात. पाइपात पाणी उभे असते. त्यात बारीक वायरला बांधलेला संवेदक हळूहळू सोडत दर काही मीटरवर थांबून नोंद करायची. वरच्या आठ-दहा मीटरमध्ये आकडे ऋतूप्रमाणे हलतात, पुढे स्थिरावतात, आणि खोल गेल्यावर अगदी सावकाश वाढू लागतात, कारण पृथ्वीच्या पोटातली उष्णता दर शंभर मीटरला दोन-तीन अंशांच्या हिशेबाने वर येत असते. या सगळ्यांची सरासरी म्हणजे मूळ तापमान. वायर हातात धरून, एक-एक मीटर सोडत, आकडा थांबेपर्यंत वाट पाहत ही नोंद घेताना आपण जमिनीची नाडीच पाहत असतो, असे मला प्रत्येक वेळी वाटते. येथे एका अंशाची चूक झाली तर ती पुढच्या हिशेबात जशीच्या तशी उतरते.

त्यानंतर बोअरच्या तोंडाशी चाचणीची पेटी जोडतात. तिच्यात एक पंप, पाणी तापवणारे हीटर, प्रवाह मोजणारे मीटर आणि तापमानाचे दोन अचूक संवेदक असतात. एक जाणाऱ्या पाण्यावर, एक येणाऱ्या. शंभर मीटरच्या बोअरला साधारण सहा किलोवॅटचा हीटर लावतात, म्हणजे दर मीटरला ६० वॅट. प्रचलित मार्गदर्शनात ही संख्या ५० ते ८० च्या दरम्यान ठेवायला सांगतात. मिनिटाला सुमारे २१ लिटर पाणी फिरवले तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात चार अंशांच्या आसपास फरक पडतो. पाणी एवढ्या वेगाने फिरायला हवे की ते नळीत घुसळत जाईल. संथ वाहिले तर नळीच्या भिंतीशी स्थिर पाण्याचा थर राहतो आणि तोच अडथळा होऊन बसतो. हीटर एकदा चालू केला की किमान ३६ ते ४८ तास, शक्य असेल तर त्याहून जास्त, एकाच जोराने चालू ठेवायचा, आणि दर मिनिटाला सगळ्या नोंदी होत राहायला हव्यात.

या नोंदींतून उत्तर कसे निघते, तो भाग मला या साऱ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो. हीटर चालू होताच तापमान भराभर चढते, मग चढण्याचा वेग मंदावतो, पण ते थांबत नाही. जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्याची सरासरी घेऊन ती वेळेच्या लॉगॅरिथमपुढे मांडली (म्हणजे वेळ दर वेळी दुप्पट झाली की आलेखावर एक सारखेच पाऊल पुढे टाकले), की पहिल्या काही तासांनंतर आलेख सरळ रेषेत जातो. त्या रेषेचा चढ खडकाच्या वाहकतेशी व्यस्त बांधलेला असतो. खडक उष्णता झटपट दूर नेत असेल तर रेष सपाट, अडवत असेल तर रेष उभी.

एक उदाहरण घेऊ; आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत. मूळ तापमान २८ अंश, दर मीटरला ६० वॅट. बाराव्या तासाला पाण्याची सरासरी ४०.९ अंश, अठ्ठेचाळिसाव्या तासाला ४४.६. वेळ चौपट झाली, आणि चारचा नैसर्गिक लॉगॅरिथम १.३८६ आहे. तापमानाची वाढ ३.७ अंश; तिला १.३८६ ने भागले की चढ २.६७ येतो. आता ६० ला चार गुणिले π (३.१४१६) गुणिले २.६७ ने भागायचे, म्हणजे ३३.५५ ने. उत्तर १.७९. खडकाची वाहकता मिळाली, आणि तीही एखाद्या ढेपळ्याची नव्हे, तर शंभर मीटर उंचीच्या साऱ्या थरांची मिळून.

बाराव्या तासापासूनच का मोजले? सुरुवातीच्या तासांत उष्णता पाइप आणि भरणीतच घोटाळत असते. त्या वेळचा चढ बोअरच्या आतल्या गोष्टी सांगतो, खडकाबद्दल नाही. सहा इंची बोअर आणि असा खडक असेल तर हा काळ दहा तासांच्या पुढेमागे येतो. तोवरच्या नोंदी वाहकतेच्या हिशेबातून वगळायच्या.

तिसरी संख्या उरलेल्या हिशेबातून मिळते. अठ्ठेचाळीस तासांच्या शेवटी पाणी मूळ तापमानापेक्षा १६.६ अंशांनी वर होते. त्यातले सुमारे १०.६ अंश खडकामुळे, हे त्याच सूत्रावरून काढता येते. उरलेले सहा अंश बोअरच्या आत, पाइप आणि भरणीत खर्ची पडले. सहाला ६० ने भागले की ०.१ ही अडथळ्याची संख्या येते. एवढे कळले म्हणजे खडक कसा आहे आणि आपण केलेले काम कसे आहे, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या समोर येतात. खडक बदलणे आपल्या हाती नाही, पण भरणी सुधारणे नक्कीच आहे.

या गणिताचा पाया एका रेषेतून चोहोबाजूंना पसरणाऱ्या उष्णतेचा विचार हा आहे, आणि तो लॉर्ड केल्विन यांच्यापर्यंत मागे जातो. विशेष म्हणजे १९३५ मध्ये अमेरिकेतील भूजलतज्ज्ञ चार्ल्स थाइस यांनी उष्णतेचे हेच सूत्र उचलून विहिरीच्या उपशाला लावले. आपल्याकडे विहिरीच्या उपसा-चाचणीत पाण्याच्या उतरणीवरून खडकाची पाणी वाहून नेण्याची क्षमता काढतात, त्या हिशेबामागे थाइस यांचे हेच काम आहे. म्हणजे लेखाच्या सुरुवातीला मी दिलेली शेतकऱ्याची उपमा नुसती शोभेची नाही. पाण्याची उतरण आणि उष्णतेची चढण, दोन्हींचे समीकरण एकच आहे. बोअरसाठी अशी उष्णता-चाचणी घ्यावी ही कल्पना मोगेन्सेन या संशोधकांनी १९८३ मध्ये स्टॉकहोम येथे मांडली, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर स्वीडनमध्ये आणि अमेरिकेतील ओक्लाहोमात गाडीवरून नेता येतील अशा चाचणी-पेट्या तयार झाल्या. २०१५ पासून तिला आयएसओ १७६२८ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

हे सगळे कागदावर सरळ आहे. आपल्याकडे ते वाकडे जाते ते मुख्यतः विजेमुळे. सूत्राची पहिली अट अशी की उष्णता एकाच जोराने जात राहिली पाहिजे. हीटरचा जोर मात्र व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० चे २०७ व्होल्ट झाले, म्हणजे फक्त दहा टक्के उतरले, तर हीटरचा जोर एकोणीस टक्के उतरतो. आपल्या गावठाणांत रात्री आणि पहाटे व्होल्टेज किती हलते ते मोटर चालवणाऱ्या कोणालाही माहीत आहे. प्रचलित निकष असा आहे की जोराचे चढउतार सरासरीच्या दीड टक्क्याच्या आत असावेत आणि एखादा झटकाही दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. लाइनच्या विजेवर हे सांभाळणे अवघड असल्याने चांगल्या जनरेटरवर चाचणी करावी, हे माझे ठाम मत आहे.

पण जनरेटरलाही डिझेल लागते. एका रुग्णालयाच्या आवारात आम्ही चाचणी लावली होती. एकतिसाव्या तासाला, पहाटे तीनच्या सुमारास, डिझेल संपून जनरेटर बंद पडला. रात्रपाळीला कोणी पाहायचे ते नीट ठरलेच नव्हते. चाळीस मिनिटांनी तो पुन्हा चालू झाला तोवर पाण्याचे तापमान झपाट्याने खाली आले होते. सकाळी संबंधितांचा आग्रह असा की तेवढा खड्डा आलेखावर जोडून घ्या आणि पुढे चला, इमारतीचे काम थांबले आहे. मी नाही म्हटले. मधे खंड पडला की चढाचा अर्थच बदलतो, आणि लगेच नव्याने सुरू करावे तर बोअरभोवतीचा खडक तापलेलाच असतो. म्हणून पुन्हा चाचणीसाठी दहा ते चौदा दिवस थांबायचा संकेत आहे. आम्ही बारा दिवस थांबलो आणि पुन्हा केली. त्या बारा दिवसांबद्दल मला खूप ऐकून घ्यावे लागले, तरी पुन्हा तसा प्रसंग आला तर मी तेच करीन, कारण त्या एका रेषेवर पुढे पंचवीस वर्षे चालायची यंत्रणा उभी राहणार होती.

दुसरा घोटाळा उन्हाचा. पेटी आणि बोअरचे तोंड यांना जोडणारा पाइप उघडा राहिला, तर दुपारी तो उष्णता घेतो आणि रात्री सोडतो. आलेखावर सरळ रेषेऐवजी दिवसरात्रीची लाट दिसू लागते. जोडपाइप शक्य तितका आखूड ठेवणे, त्यावर जाड फोमचे आवरण चढवणे आणि पेटीवर सावली करणे, एवढ्याने हा दोष बराच आटोक्यात येतो. अहवालात अशी लाट दिसली तर आकडा कितीही नेमका छापलेला असो, त्यावर विसंबू नये.

तिसरी गोष्ट पाण्याची आहे, आणि येथे युरोपातली रीत आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. स्वीडनमध्ये कठीण ग्रॅनाइटी खडकात बोअर पाडून पाइप सोडतात आणि भोवतालची पोकळी भूजलानेच भरलेली राहू देतात, कारण तेथे पाण्याची पातळी बहुधा वर असते. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये ८० फुटांवर असलेले पाणी मेमध्ये अडीचशे फुटांच्याही खाली गेलेले असू शकते. मधल्या दीडशेहून जास्त फुटांत पाइप आणि खडक यांच्यामध्ये निव्वळ हवा राहते, आणि हवेची वाहकता पाण्याच्या चोविसाव्या भागाइतकी. म्हणून बोअर तळापासून वर, लांब नळी खाली सोडून, बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) आणि बारीक वाळू यांच्या मिश्रणाने भरत आणायलाच हवे. एकदा एका बोअरला चांगले पाणी लागले आणि आम्ही भरणीची तयारी करू लागलो, तेव्हा गाडीवरचा माणूस कळवळून म्हणाला, "पाणी लागलंय की सर, ह्यात माती कशाला घालायलाव?" त्याचे कळवळणे मला पूर्ण पटले. ते बोअर आम्ही पाण्यासाठीच ठेवले आणि चाचणीसाठी दुसरे घेतले. पण ज्यात पाइप सोडायचा ते भरलेच पाहिजे. वरच्या थरातले घाण पाणी बोअरवाटे खालच्या थरात उतरू नये, हेही त्याचे कारण आहे.

वाहते पाणी आणखी एक भूल पाडते. बोअर एखाद्या जिवंत भेगेतून गेले असेल तर पावसाळ्यानंतर त्या भेगेतून वाहणारे पाणी उष्णता वाहून नेते. मग रेष हळूहळू सपाट होत जाते आणि वाहकता खडकाच्या मानाने फार मोठी निघते. हे ओळखायचा साधा उपाय आहे: बारा ते चोवीस, बारा ते छत्तीस, बारा ते अठ्ठेचाळीस असे वेगवेगळे तुकडे घेऊन प्रत्येकावरून वाहकता काढावी. उत्तर एकाच ठिकाणी स्थिरावत असेल तर ठीक. प्रत्येक तुकड्यागणिक वाढतच असेल तर तेथे पाणी वाहते आहे असे समजावे. असा आकडा ऑक्टोबरचा असेल तर त्यावर मे महिन्याची यंत्रणा बेतू नये, कारण यंत्रणेवर सर्वांत जास्त भार येतो तो नेमका पाणी आटल्यावर. माझ्या मते मराठवाड्यात टीआरटी करायची तर उन्हाळ्यात, पातळी खाली गेलेली असताना करावी. त्यात उन्हाचा आणि जनरेटरचा त्रास जास्त आहे, पण जो आकडा मिळतो तो वाईटात वाईट दिवसाचा असतो.

आकडा चुकला तर किती बिघडते? महिनाभराच्या सलग भाराचा साधा हिशेब केला, तर वाहकता पुस्तकावरून २.३ धरली आणि प्रत्यक्षात ती १.८ निघाली, तर दहा बोअरच्या जागी बारा लागतात. भरणीत हवा राहून अडथळा ०.१ चा ०.२ झाला तरी जवळपास तेवढीच वाढ होते. दोन-तीन बोअर कमी पडली म्हणजे यंत्रणा बंद पडते असे नाही. ती मेच्या दुपारी पाणी जास्त गरम परत आणते, यंत्र जास्त वीज खाते, आणि ज्या बचतीसाठी एवढा खर्च केला ती दिसत नाही. मग लोक म्हणतात की आपल्याकडे हे तंत्र चालत नाही.

या चाचणीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. ४८ तासांत उष्णतेचा परिणाम बोअरभोवती जेमतेम मीटरभर पोहोचतो. शेजारच्या बोअरची उष्णता आपल्या बोअरला कधी आणि किती लागेल, ते ही चाचणी दाखवत नाही. आपल्याकडे तर इमारतीला वर्षातले बहुतेक महिने थंडावाच हवा असतो. थंड देशांप्रमाणे हिवाळ्यात जमिनीतून उष्णता परत काढून घेण्याची वेळ जवळजवळ येत नाही. त्यामुळे जमीन वर्षागणिक थोडी थोडी तापत जाते. ती किती तापेल हे टीआरटीच्या आकड्यांवरून पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचे गणित करूनच पाहावे लागते, बोअर एकमेकांपासून पुरेशा अंतरावर ठेवावी लागतात, आणि हिवाळ्यातल्या रात्री पाणी बाहेरच्या गार हवेत निववून जमिनीला उसंत देता येईल का, याचाही विचार करावा लागतो. हा विचार नसलेला आराखडा मी मान्य करणार नाही, मग चाचणी कितीही उत्तम झालेली असो.

उथळ, आडव्या पाइपांची गोष्ट तर वेगळीच. काळ्या मातीत दोन मीटर खोल चर खणून पाइप पुरले, तर उन्हाळ्यात ती माती वाळून आक्रसते, फाटते, भेगा पडतात आणि पाइपापासून माती सुटते. पुन्हा मधे हवा. पावसाळ्यात केलेली चाचणी येथे हमखास फसवते. अशा ठिकाणी पाइपाभोवती वाळूचा जाड थर घालून मगच वर माती टाकावी, आणि मोजमाप निदान एकदा वैशाखात करावे.

चाचणीचा अहवाल हाती येईल तेव्हा शेवटच्या पानावरचा एकच आकडा घेऊन थांबू नये. मिनिटामिनिटाच्या मूळ नोंदी मागाव्यात, त्यांत विजेचा जोर, प्रवाह, दोन्ही तापमाने आणि बाहेरच्या हवेचे तापमान असायला हवे. बोअर पाडताना किती फुटांवर कोणता थर लागला आणि पाणी कोठे लागले याची गाडीवाल्याची वही सोबत असावी, आणि चाचणीच्या दिवशीची भूजल पातळीही. शिवाय हीटर बंद केल्यावर लगेच पेटी गुंडाळू देऊ नये. पंप चालूच ठेवून, किंवा संवेदक पाइपात सोडून, आणखी एक-दोन दिवस तापमान उतरताना नोंदवावे. मोटर बंद केल्यावर विहीर जशी भरत येते तसे ते मूळ २८ अंशांकडे परतत जाते, आणि त्या उतरत्या रेषेवरूनही वाहकता काढता येते. या वेळी हीटर चालू नसल्याने व्होल्टेजचा प्रश्नच येत नाही. चढत्या आणि उतरत्या रेषेची उत्तरे जुळली तर आकडा विश्वासाने वापरावा. जुळली नाहीत तर पुढची बोअर पाडण्यापूर्वी का जुळली नाहीत ते शोधावे.